ग्राफिक्स कार्ड टाका म्हणे!

या वीकांताला वेगळ्याच विषयावर लिहिणार होतो. पण शुक्रवारी कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधल्या एकाने जेवता जेवता एका माणसाचा प्रश्न एका वाक्यात सोडवला आणि माझं डोकं फिरलं. प्रश्न असा, की त्याच्या गावाकडच्या चुलतभावाकडे दहा वर्षं जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि मशीन सारखं अडकतं. उत्तर : "ग्राफिक्स कार्ड टाक म्हणावं एखादं." झालं! पुढचा घास.

मी भांडलो नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत, फोनवर, दोन मीटिंगांच्या मधे. त्या वाक्याची किंमत पंधरा हजार रुपये झाली आणि ते पंधरा हजार माझे नव्हते, म्हणून आज हे लिहितोय.

माझा मामेभाऊ पोलादपूरला लग्नाची शूटिंग करतो. आधी त्याचा स्टुडिओ महाडला बाजारपेठेत होता, तळमजल्यावर. २०२१ नंतर तो पोलादपूरला का आला ते पुढे येईलच. त्याचं मशीन २०१४ चं : चौथ्या पिढीचा आय-फाईव्ह ४५७०, एच-८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि पांढऱ्या डब्यातून आलेला 'लोकल' एसएमपीएस. सॉफ्टवेअर एडियस, जुनी आवृत्ती. (परवान्याचा विषय काढू नका, त्यावर एखाद्या वेगळ्या वीकांताला भांडू.) दादाने विचारलं, "मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की एका दिवशी दोन-दोन लग्नं असतात. मशीन आत्ताच रडतंय. काय करू?" मी म्हणालो, "जीटीएक्स १६५० टाक." किती सफाईदार उत्तर! मॉडेल नंबरसकट!

एप्रिलमध्ये त्याचा फोन. "अरे, तू सांगितलेलं कार्ड टाकलं. पण आता आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय. आणि दुकानदार म्हणतो, अजून मोठं कार्ड घ्या."

आधीपेक्षा जास्त? माझा विश्वास बसेना. माझ्या डोक्यात कार्ड म्हणजे निव्वळ बेरीज होती. कामी आलं नाही तर नाही, पण नुकसान कसलं? शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडली आणि महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोचलो.

आता तांत्रिक भाग. कंटाळा करू नका, भांडण इथेच आहे.

दादाने प्रोजेक्ट उघडून एक्स्पोर्टची खिडकी दाखवली. तिथे हार्डवेअर एन्कोडची जी टिक असते ती राखाडी पडलेली. म्हणजे दोन तासांच्या लग्नाची फाईल बाहेर काढायचं सगळं ओझं प्रोसेसरच्या चार कोअरवर. आधी ती टिक चालायची, कारण इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटातच एक छोटं ग्राफिक्स असतं आणि त्यात व्हिडिओसाठी वेगळा तुकडा असतो, क्विक सिंक. इंटेलने तो २०११ मध्ये दुसऱ्या पिढीबरोबर आणला. एडियसच्या जुन्या आवृत्त्या एक्स्पोर्टसाठी याच तुकड्याचा आधार घेतात, एनव्हिडियाच्या एन्कोडरकडे ढुंकूनही बघत नाहीत. आणि बऱ्याच मदरबोर्डांचा स्वभाव असा, की स्लॉटमध्ये बाहेरचं कार्ड दिसलं की ते पोटातलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. पाहुणा आला म्हणून घरच्या माणसाला घराबाहेर काढायचं, तसं.

थोडक्यात, मी दादाला पंधरा हजार खर्च करायला लावून त्याच्याकडे फुकट असलेली सगळ्यात उपयोगी वस्तू बंद पाडली होती. बायॉसमध्ये जाऊन एक सेटिंग बदललं, पोटातलं ग्राफिक्स पुन्हा चालू केलं, इंटेलचा ड्रायव्हर टाकला, टिक परत आली. रात्रभर चालणारा एक्स्पोर्ट पूर्वीसारखा दोन-अडीच तासांवर आला. दादा खूश. मामीने रात्री घावने केले. मी मात्र गप्प होतो, कारण सुधारणा काहीच झाली नव्हती. कार्ड टाकायच्या आधी होतो तिथेच आम्ही परत आलो होतो.

मग रविवारी सकाळी जे फेब्रुवारीतच करायला हवं होतं ते केलं : मशीन नेमकं कशासाठी थांबतंय ते बघितलं. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये २०१७ पासून ग्राफिक्सचाही आलेख दिसतो, आणि त्यातही थ्रीडी वेगळं, व्हिडिओ डिकोड वेगळं, एन्कोड वेगळं. टाइमलाइनवर तीन कॅमेऱ्यांचं लग्न चालवलं. कार्ड जवळजवळ झोपलेलं. प्रोसेसर शंभर टक्के. डिस्क शंभर टक्के. पंधरा हजारांचा गडी पंख्याखाली आडवा आणि बाकीचे दोघे घामाघूम!

हे बघायला पाच मिनिटं लागली.

आणि हाच माझा मुख्य राग आहे, तुमच्यावर आणि माझ्यावर. ऑफिसात एखादी क्वेरी मंदावली आणि कोणी म्हणालं "सर्व्हर मोठा घ्या", तर आपण त्याला हसतो. आधी प्रोफाइल कर, एक्झिक्युशन प्लॅन बघ, इंडेक्स आहे का बघ, असं ज्ञान पाजळतो. जीन अमडालने १९६७ मध्येच मांडलेला हिशोब इंटरव्ह्यूमध्ये पोरांना विचारतो : कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करत नाही तोच शेवटी तुमची मर्यादा ठरवतो. शंभर मिनिटांच्या कामात सत्तर मिनिटं डिस्क आणि डिकोडिंगची असतील आणि कार्ड फक्त उरलेल्या तिसांना हात लावत असेल, तर जगातलं सगळ्यात महाग कार्ड टाकूनही काम सत्तर मिनिटांखाली येणार नाही. हे आपल्याला पाठ आहे. पण गावाकडून फोन आला की हीच अक्कल आपण ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून बोलतो. क्लायंटच्या पैशाला प्रोफाइलिंग आणि मामेभावाच्या पैशाला ठोकताळा.

आता डिकोडिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण लग्नाच्या एडिटिंगचं तेच मूळ काम आहे. कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यासमोर आणा, जिच्यात रोजची बाकी लिहिलेली नाही, फक्त "कालपेक्षा वीस रुपये जास्त", "कालपेक्षा पाच कमी" असं लिहिलंय. पंधरा तारखेची बाकी हवी तर महिन्याच्या पहिल्या ओळीपासून बेरीज करत या. एच-२६४ आणि एच-२६५ च्या फाईली बहुतेक अशाच असतात. मंगलाष्टकाच्या मधल्या एका फ्रेमवर जायचं तर मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून हिशोब करत यावं लागतं, आणि तोही तीन कॅमेऱ्यांचा, एकाच वेळी. ही बेरीज झटपट करायला चिपमध्ये ठरावीक तुकडे कोरलेले असतात. तुमच्या फाईलचा प्रकार त्या तुकड्याला येत असेल तर मजा. येत नसेल तर सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर.

दादाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याच्या फाईली साध्या होत्या, आठ बिटच्या, ४:२:० च्या. पण त्या सीझनला त्याने मोठ्या लग्नांसाठी एक नवीन सोनी भाड्याने आणायला सुरुवात केली होती. त्यात कोणीतरी (परत एक सल्लागार!) "क्वालिटी फुल ठेव" म्हणून दहा बिट, ४:२:२, एच-२६५ असं सेटिंग करून दिलेलं. ४:२:० मध्ये चार पिक्सेलांच्या चौकटीमागे रंगाचा एक नमुना असतो, ४:२:२ मध्ये दोन. रंगांची कसरत करायची असेल तर चांगली गोष्ट आहे. पण हा प्रकार डिकोड करायचा तुकडा चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये नाही. आणि १६५० मध्येही नाही.

आता मोठं कार्ड घ्या म्हणणाऱ्यांनी इथे कान द्यावा. एनव्हिडियाचं ४०९०, २०२२ मध्ये आलेलं, भारतात लाखाच्या कितीतरी वर किमतीचं, त्यातही ४:२:२ चा डिकोडर नव्हता. एनव्हिडियाने तो जीफोर्समध्ये दिला थेट २०२५ साली, ५० च्या मालिकेत. आणि इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या पोटातल्या फुकटच्या ग्राफिक्समध्ये एच-२६५ पुरता तो २०२१ पासून, अकराव्या पिढीपासून आहे. म्हणजे २०२३ मध्ये या एका कामात साध्या आय-थ्री १२१०० ने लाखाच्या कार्डाला मागे टाकलं असतं. दादाच्या पंधरा हजारांत पाच-सहा हजारांची भर घातली असती तर तो प्रोसेसर, साधा बोर्ड आणि १६ जीबी रॅम असं सगळं आलं असतं, कार्डाशिवाय. मी त्याला हे सांगितलं का? नाही. मला माहीत होतं का? तेही नाही. पण आवाजात खात्री किती होती म्हणता!

इथे एक खाच आहे ती सांगून ठेवतो. त्याच प्रोसेसरचा 'एफ' वाला भाऊ मिळतो, १२१००एफ, १२४००एफ वगैरे. थोडा स्वस्त असतो आणि "कार्ड टाकणारच आहात ना" म्हणून दुकानात तोच पुढे केला जातो. एफ म्हणजे पोटातलं ग्राफिक्स नाही. म्हणजे लग्नवाल्याला ज्यासाठी तो प्रोसेसर घ्यायचा तीच वस्तू वगळलेली. कार्डाच्या नादाने माणूस हजार-दीड हजार वाचवतो आणि हात कापून घेतो.

आणि कार्डांच्या बाजारात तरी काय सरळ आहे? जीटी १०३० मध्ये एन्कोडरच नाही, तरी 'व्हिडिओ एडिटिंगसाठी बेस्ट' म्हणून गळ्यात मारतात. त्याचे पुन्हा दोन प्रकार, एक जीडीडीआर-५ चा आणि एक साध्या डीडीआर-४ चा, खोक्यावर नाव तेच. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी, २०२२ चं, नंबर बघून वाटतं केवढं नवीन! त्यातही एच-२६४ आणि एच-२६५ चा एन्कोडर नाही, आणि मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन. दादाच्या एच-८१ सारख्या बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा, म्हणजे चार लेनमध्ये सेकंदाला जेमतेम २ जीबीची वाट. कार्ड हायवेसाठी बनवलेलं आणि रस्ता घाटातला. इंटेलचं आर्क घ्यावं, त्यात ४:२:२ येतं, तर ते नीट चालायला बोर्डात रिसायझेबल बार लागतं, जे इतक्या जुन्या बोर्डांवर सहसा नसतंच. आणि सेकंडहँड घ्यायचं तर १०५० टीआयच्या नावाने बायॉस बदललेली पुरातन कार्डं फिरतात, शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर राबून राबून दमलेल्या कार्डांचा पूर आला तो वेगळाच. पोलादपूरच्या माणसाने हे सगळं कुठून ओळखायचं? ओळखायचं काम आपलं होतं. आपण मॉडेल नंबर फेकला आणि मीटिंगला गेलो.

ही कार्डाची अंधश्रद्धा आली कुठून, याचा मी घाट चढताना बराच विचार केला. आणि खरं सांगायचं तर तिला इतिहास आहे, ती उगाच नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत लग्नाचं एडिटिंग म्हणजेच कार्ड होतं. मिनी डीव्हीची कॅसेट, फायरवायरची केबल आणि मशीनमध्ये कॅनोपसचं डीव्ही स्टॉर्म, नाहीतर मॅट्रॉक्सचं आरटी एक्स १००. पेंटियम फोरला एकट्याला दोन लेअर आणि एक डिझॉल्व्ह जमायचं नाही, ते कार्ड करायचं. स्टुडिओवाले अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे कार्ड आहे." एडियससुद्धा मूळ त्याच कॅनोपसचं. पुढे २०१० मध्ये प्रीमियरची सीएस-५ आवृत्ती आली, तिने एनव्हिडियाच्या ठरावीक कार्डांवर इफेक्ट पळवून दाखवले. तेव्हा तर लोक एका टेक्स्ट फाईलमध्ये आपल्या कार्डाचं नाव घुसवून ते चालू करायचे, काय दिवस होते! :-) पण ती गरज त्या काळातल्या त्या अडचणीची होती. आता टेप नाही, डीव्ही नाही, अडचण दुसरीकडे सरकलीय. उत्तर मात्र आपण तेच देतोय.

मान्य करायला हवं ते करतो. कार्ड लागतंच, अशी कामं आहेत. डाविंची रिझॉल्व्हमध्ये कलर करणारा माणूस, अंधारातल्या हळदीच्या फुटेजवरचा दाणेदारपणा घालवणारा माणूस, इफेक्टांचे थर चढवणारा माणूस, त्याने कार्डावरच पैसे घालावेत आणि व्हीआरएएम बघून घालावेत. तिथे ४ जीबी लवकर संपते. माझं भांडण कार्डाशी नाही. मशीन न बघता दिलेल्या उत्तराशी आहे.

आणि "फेकून दे, मॅक घे" म्हणणाऱ्यांशीसुद्धा आहे. हे आपल्या जमातीचं दुसरं आवडतं वाक्य. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, हे सगळं खरं. मशीन कधीतरी बदलायचंच आहे. पण वर्षातून चार-साडेचार महिने धंदा आणि बाकी वेळ पासपोर्ट फोटो, अशा माणसाला लाखाची उडी सांगायला आपल्याला काहीच वाटत नाही, कारण आपल्याला तो आकडा ईएमआयमध्ये दिसतो.

तर त्या रविवारी आम्ही काय केलं? पहिलं, भाड्याच्या कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं. आठ बिट, ४:२:०, एच-२६४. दादा जरा नाराज झाला. मी विचारलं, "गिऱ्हाईक व्हिडिओ कशावर बघतं?" म्हणाला, "पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून." फुल एचडीमध्ये. मग? खर्च शून्य, आणि प्रोसेसरचा अर्धा त्रास गेला.

दुसरं, प्रॉक्सी. मूळ फाईलींच्या हलक्या, छोट्या प्रती रात्री बनवायला लावून झोपायचं, सकाळी त्या प्रतींवर कापाकापी करायची आणि शेवटच्या एक्स्पोर्टला मूळ फाईली वापरायच्या. एडियसमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे. दादाला वाटलं हा गरिबाचा उपाय. त्याला सांगितलं, की वॉल्टर मर्चने २००३ चा 'कोल्ड माउंटन' दुकानात मिळणाऱ्या पॉवर मॅक जी-फोरवर फायनल कटमध्ये कापला, हलक्या प्रतींवरच, आणि त्या एडिटिंगला ऑस्करचं नामांकन होतं. दादाला मर्च माहीत नव्हता, ऑस्कर माहीत होतं. चाललं.

तिसरं, एसएसडी. १०० एमबीपीएसच्या फुटेजचा एक तास म्हणजे ४५ जीबी. तीन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास, म्हणजे एका लग्नाचे ८१० जीबी. हे सगळं एकाच १ टीबीच्या फिरत्या डिस्कवर, जिच्यावर विंडोजही तीच आणि कॅशही तीच. तिचा हेड बिचारा तीन कॅमेऱ्यांच्या तीन टोकांना धावतोय. एसएसडीवर विंडोज आणि प्रॉक्सी, मूळ फुटेज वेगळ्या डिस्कवर. रॅम ८ ची १६ केली, त्या बोर्डात त्याहून जास्त बसतच नाही. आणि तो लोकल एसएमपीएस काढून टाकला. त्याच्यावर लिहिलेले ४५० वॉट कोणत्या जगातले होते देव जाणे. १६५० च्या ७५ वॉटला तो कसाबसा पुरला, दुकानदाराच्या 'अजून मोठ्या' कार्डाला त्याने डिस्कांसकट राम म्हटलं असतं.

ते 'डिस्कांसकट' महत्त्वाचं आहे. आता महाडकडे येतो.

महाडात पाणी भरणं नवीन नाही. एका अंगाला सावित्री, एका अंगाला गांधारी, आणि खाली खाडीला भरती असली की पाणी उतरायला वाट नाही. बाजारपेठेतल्या लोकांना माल माळ्यावर चढवायची सवय आहे. २००५ च्या जुलैत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे अंदाज होता, की असेल तर इतकं असेल. २२ जुलै २०२१ ला तो अंदाज चुकला. त्याच दिवशी तळियेवर दरड आली आणि ८० हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी आल्या. त्यापुढे कॉम्प्युटरची गोष्ट सांगायची लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही.

दादाने त्या रात्री सीपीयूचा डबा उचलून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेला. कॅमेरे नेले. दुसऱ्या फेरीला खाली येईस्तोवर कमरेएवढं पाणी होतं. टेबलाच्या खालच्या खणात हार्ड डिस्का राहिल्या. मशीन वाचलं, फुटेज गेलं. म्हणजे जी वस्तू बाजारात पुन्हा मिळते ती वाचली.

पुढच्या महिन्यात, चिखल काढून होत असताना, एक आजोबा आले. त्यांच्या नातीच्या लग्नाची शूटिंग दादाने केली होती. हळदीच्या आदल्या दिवशी आजी जात्यावर बसून गाणी म्हणत होत्या, ते दादाने सगळं, सलग, वीसेक मिनिटं घेतलं होतं. घरच्यांना दिलेल्या व्हिडिओत त्यातली अर्धी मिनिट होती, वर सनईचं म्युझिक टाकलेली. आजी नंतर वारल्या. आजोबांना आवाज हवा होता. त्यांनी नम्रपणे विचारलं, "ते कापून टाकलेलं असतं ना तुमच्याकडे, ते मिळंल का?" दादा म्हणतो, पुरात दुकान गेलं तेव्हा मी रडलो नव्हतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्या माणसाने मला "काय करू" विचारलं तो हा माणूस होता. ही गोष्ट मला माहीत होती. त्याच्या टेबलावर अजूनही प्रत्येक लग्नाची एकच प्रत होती, एकाच डिस्कवर, खराब एसएमपीएसवर चालणाऱ्या मशीनमध्ये, लाईट दिवसातून दोनदा जाणाऱ्या गावात, यूपीएसशिवाय. आणि मी त्याला सांगितलं, ग्राफिक्स कार्ड टाक. पंधरा हजारांत दोन मोठ्या डिस्का आणि एक बऱ्यापैकी यूपीएस आला असता. रेंडर दोन तास उशिरा झाला तर गिऱ्हाईक चार शिव्या घालतं. खण बुडाला तर त्याला सॉरीसुद्धा म्हणता येत नाही.

(तुमच्यातले काही आत्ता म्हणत असतील, "क्लाउडवर टाक की." टाका. ८१० जीबी, २० एमबीपीएसचा अपलोड एक सेकंदही न तुटता मिळाला तर ९० तास. एका लग्नाचे. मे महिन्यात आठवड्याला चार लग्नं. करा गुणाकार.)

आम्ही ते कार्ड विकलं. महाडच्या एका कॉलेजच्या पोराने दहा हजारांना घेतलं, गेम खेळायला. तो त्याच्या कामाला योग्य माणूस आहे आणि आजही खूश आहे. पाच हजार बुडाले, ते मी दादाला देऊ केले, त्याने घेतले नाहीत. मामी म्हणाल्या, "भाच्याकडून कसले पैसे घेता." त्याने मला आणखीच मेल्यासारखं झालं. त्या दहा हजारांत थोडी भर घालून एसएमपीएस, एसएसडी आणि रॅम आली, पुढच्या महिन्यात यूपीएस, मग डिस्का.

आता प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती होतात. एक पोलादपूरला, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात. दुसरी माझ्याकडे पुण्यात, कारण एकाच नदीच्या काठी दोन प्रती ठेवणं म्हणजे एकच प्रत ठेवणं. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात, म्हणून सीझनच्या सगळ्या डिस्का जूनच्या आधी पोचवायच्या असं ठरलंय. कापून टाकलेलंसुद्धा ठेवायचं, हेही ठरलंय. विशेषतः म्हाताऱ्या माणसांचं.

सोमवारी कॅन्टीनमध्ये त्या मित्राला गाठणार आहे. त्याच्या चुलतभावाने कार्ड अजून घेतलं नसेल तर आधी टास्क मॅनेजरचा एक फोटो पाठव म्हणावं, तीन कॅमेरे टाइमलाइनवर चालू असतानाचा. आणि फुटेज किती ठिकाणी ठेवतो तेही विचार म्हणावं. माझ्या कपाटात सध्या सात डिस्का आहेत, प्रत्येकीवर दादाच्या अक्षरात गाव आणि तारीख. आठवी तुळशीच्या लग्नानंतर येईल.